कोंबड्यांचा लोखंडी पिंजरा मुंगूस, घूस आणि कुत्र्यांपासून सुरक्षित कसा ठेवायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घणसोली गावठाणात आमच्या घरामागे बरीच वर्षं गावठी कोंबड्या आहेत. एका पावसाळ्यात भर दुपारी मुंगसाने आमच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मारल्या. पिंजरा नवा होता, जाळी शाबूत होती, दाराला कडी लावलेली होती. फक्त दाराच्या उंबऱ्याखालचा मुरूम पावसाने वाहून गेला होता आणि तिथे दोन इंचांची फट पडली होती. तेव्हापासून मी आधी फटी शोधते आणि मग जाळीकडे बघते. ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पिंजरा म्हणजे कोंबड्या दिवसा फिरतात ते जाळीचं आवार आणि खुराडं म्हणजे रात्रीची बंद जागा, एवढं लक्षात ठेवून वाचा.

दुकानातून षटकोनी कोंबडीजाळी आणून लावली आहे. ती पुरेशी नाही का?

नाही. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. तार बारीक असते आणि नुसती पिळलेली असते. दोन-तीन भटक्या कुत्र्यांनी पंजे मारून दातांनी ओढली की पीळ उलगडतो आणि माणूस वाकून जाईल एवढं भोक पडतं. घूस खालच्या कडेने ती वाकवते. एक इंचाच्या भोकातून उंदीर सहज आत जातो आणि पिल्लं बाहेर येतात. ही जाळी आधीच लावली असेल तर काढून टाकू नका. तिच्यावर खालचे तीन फूट वेल्डमेश, म्हणजे उभ्या-आडव्या तारा वेल्ड करून केलेली चौकोनी भोकांची जाळी, चढवा.

मग नेमकी कोणती जाळी मागायची?

अर्धा इंच बाय अर्धा इंच भोकाची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली, वेल्डमेश. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. १६ गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर भरते, १९ गेजची एक मिलिमीटर. जिथे कुत्र्यांचा वावर आहे तिथे खालच्या भागात १६ गेजपेक्षा बारीक तार घेऊ नये असं माझं मत आहे. संपूर्ण पिंजऱ्याला अर्धा इंच परवडत नसेल, तर जमिनीपासून तीन फूट अर्धा इंच आणि त्यावर एक इंचाची जाड जाळी चालते. मात्र खुराड्याच्या खिडक्या आणि झरोक्यांना अर्धा इंचच हवी. दोन इंची भोकांची चेनलिंक कुंपणाला ठीक आहे, पण ती एकटी कोंबड्यांसाठी नको. मांजर किंवा उदमांजर तिच्यातून पंजा घालून जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीची मान ओढतं. सकाळी धड आत आणि डोकं गायब, असं दिसलं तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

सकाळी कोंबडी मेलेली सापडली. कोणी मारली हे कसं ओळखायचं?

हे नीट ओळखलं नाही तर चुकीच्या जागी पैसे जातात, म्हणून घाईने साफसफाई करण्याआधी पाच मिनिटं उभं राहून बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

घटना दिवसा घडली आणि मानेवर चावे असलेल्या दोन-चार कोंबड्या तशाच पडल्या असतील, तर संशय मुंगसावर. मुंगूस दिवसा शिकार करतं, त्यामुळे “रात्री तर बंद करतो” हा बचाव त्याला लागू होत नाही. रात्री एखादी कोंबडी मेली, डोकं-मान खाल्लेली आहे आणि पत्र्यावर किंवा भिंतीवर ओरखडे आहेत, तर उदमांजर. काही घरांत त्याला कांडेचोर म्हणतात. ते उत्तम चढतं, आणि ठाण्यातल्या जुन्या कौलारू घरांत, आंबा-फणसाच्या झाडांवर ते आजही राहतं.

जाळी वाकलेली किंवा फाटलेली, पिसांचा सडा, बऱ्याच कोंबड्या मारलेल्या पण फारशा न खाल्लेल्या, हे कुत्र्यांचं काम. लहान पिल्लं एकेक करून नाहीशी होतात आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसते, तेव्हा घूस किंवा उंदीर. झोपलेल्या कोंबडीच्या पायाची बोटं कुरतडलेली असली तरी तेच. अंडी कवचासकट गायब होणं, किंवा पिल्लू मेलेलं पण त्याचं डोकं आणि खांदे ओलसर, पिसं चिकटलेली, हे सापाचं लक्षण. गिळायला घेतलं आणि जमलं नाही म्हणून त्याने सोडून दिलं. दिवसा उघड्या अंगणातून पिल्लू उचललं गेलं तर घार, शिक्रा किंवा कावळा. अंडी दिवसा जात असतील आणि मागे शेपटी घासत गेल्याची रेघ मातीवर असेल तर घोरपड.

आणि ठसे बघा. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पंज्याच्या ठशात नखं उमटतात. मांजराच्या आणि बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत, कारण चालताना त्यांची नखं आत असतात.

उकरून आत येणाऱ्यांना कसं थांबवायचं?

दोन उपाय आहेत. पिंजऱ्याच्या कडेने जाळी फूट-दीड फूट खोल पुरायची, किंवा पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड-दोन फूट रुंदीची जाळी आडवी पसरायची. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. आपल्याकडचा मुरूम खणणं जिकिरीचं, आणि पुरलेली जाळी आपल्या पावसात मातीखाली कधी सडली ते कळतही नाही. आडवी जाळी डोळ्यासमोर असते. शिवाय कुत्रा, कोल्हा किंवा घूस, कोणीही आलं तरी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतं. नखांना जाळी लागली की ते जागा बदलून पुन्हा भिंतीच्या बुडाशीच जातं. दोन फूट मागे सरकून तिथून भुयार काढायचं त्याला सहसा सुचत नाही.

ही आडव्या जाळीची झालर पिंजऱ्याच्या खालच्या अँगलला पट्टीने घट्ट बांधा. नुसती टेकवून ठेवली तर सगळी मेहनत वाया. दर दोन फुटांवर वाकवलेल्या सळईचा खुंटा ठोका आणि वर जांभ्याचे चिरे मांडा. एखाद्या पावसाळ्यात गवत तिच्यातून उगवतं आणि ती जमिनीला धरून बसते. मग कोयत्याने गवत कापताना तेवढं जपायचं.

घुशींचा फार त्रास असेल, आणि गावठाणातल्या उघड्या गटारांशेजारी तो असतोच, तर पिंजऱ्याच्या तळालाही वेल्डमेश घालून वर सहा इंच माती आणि भाताचा तूस टाका. जाळी उघडी ठेवून कोंबड्यांना तिच्यावर चालायला लावू नका. पायाच्या तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात, आणि माती उकरणं हा कोंबडीचा दिवसभराचा उद्योगच बंद पडतो.

वरून जाळी हवीच का? भिंत सात फूट आहे.

हवीच. मांजर, उदमांजर, माकड, घार, कोणालाच सात फूट म्हणजे काही नाही. वर पत्रा टाकलात तर एक जागा हटकून विसरली जाते. पन्हाळी पत्रा भिंतीच्या अँगलवर टेकतो तिथे प्रत्येक लाटेखाली अर्धगोल फट राहते. दिवसा ती दिसत नाही. रात्री एकाने आत बॅटरी लावून उभं राहावं आणि दुसऱ्याने बाहेरून फिरून बघावं. उजेड ज्या ज्या फटीतून बाहेर येतो ती प्रत्येक तपासायची. अंगठा जाईल एवढी फट असेल तर तिथून उंदीर जातो, हे धरून चाला. त्या लाटांमध्ये वेल्डमेशच्या पट्ट्या दुमडून ठासायच्या आणि स्क्रूने पक्क्या करायच्या.

दाराला कडी आहे, कुलूप कशाला?

साधी कडी कुत्रा धडका देऊन हलवतो, माकड हाताने उघडतं. येऊर आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील असं काहीतरी हवं: टॉवर बोल्ट आणि कोयंड्यात स्प्रिंगची क्लिप. दाराला वर एक आणि खाली एक बोल्ट लावा, कारण मधला एकच असला तर खालचा कोपरा दाबून तोंड आत घालता येतं. दार बाहेर उघडणारं असावं. उंबऱ्याला मातीऐवजी चिरा किंवा काँक्रीट. आमच्या चार तलंगा तिथेच गेल्या.

पिंजरा फॅब्रिकेटरकडून करून घेतो आहे. त्याला काय सांगू?

रबाळे-महापे पट्ट्यात एमआयडीसीमुळे काम करणारे कारागीर भरपूर आहेत, पण खिडकीचं ग्रिल करणं आणि कोंबड्यांचा पिंजरा करणं यात फरक आहे. जाळी अँगलच्या बाहेरच्या बाजूने लावायला सांगा, म्हणजे धडक बसली की ती अँगलवरच दाबली जाते. आतून लावलेली जाळी धडकेने सुटून आत येते. नुसत्या बायंडिंग वायरवर भागवू नका. जाळीवर पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू आणि वॉशर मारायला लावा.

जीआय पाइप वेल्ड करण्याआधी सांध्याजवळचं जस्त घासून काढायला सांगा आणि काम उघड्यावर करायला सांगा. तापलेल्या जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी येते. कारागीर ते अंगावर काढतात, पण तो कामाचा भाग समजू नये. वेल्ड झालेल्या जागी झिंकचा प्रायमर लावून घ्या, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

टोकं! कापलेल्या जाळीची टोकं पट्टीखाली जायला हवीत. कोंबडीचा डोळा आणि लहान मुलाचा हात एकाच उंचीवर असतो.

नव्या जाळीमुळे कोंबडी आजारी पडते हे खरं का?

जाळीमुळे नाही, जाळीच्या तुकड्यांमुळे पडू शकते. कोंबडी चकचकीत दिसेल ते टिपते. जस्त चढवलेल्या तारेचा तुकडा तिच्या पोटात गेला की आम्लात विरघळून जस्ताची विषबाधा होते. कोंबडी मलूल होते, तुरा फिका पडतो, हिरवट पातळ विष्ठा होते. म्हणून जाळी पिंजऱ्यात बसून कापू नका, बाहेर चादर अंथरून कापा. काम संपल्यावर जमिनीवरून जाड लोहचुंबक फिरवा. तार आतून लोखंडाची असल्याने तुकडे चिकटून येतात. मी एकदा हे केलं तेव्हा मूठभर तुकडे निघाले, आणि डोळ्यांना त्यातले फार तर दहा दिसले असतील. नव्या जाळीवर पांढरी भुकटी असेल तर पातळ व्हिनेगरने पुसून पाण्याने धुऊन टाका. लक्षणं दिसलीच तर पशुवैद्यकाकडे जा. हा घरगुती काढ्यांचा आजार नाही.

खाडीजवळ राहतो. जाळी दोन वर्षांत गंजते.

ऐरोली, दिवाळे, कोलशेत, कळवा, सगळीकडे ही तक्रार आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा. जाळी घेताना सांधे बघा. आधी जस्त चढवून मग वेल्ड केलेल्या जाळीचे सांधे जळके, काळपट दिसतात. वेल्ड करून मग जस्तात बुडवलेल्या जाळीचे सांधे जस्ताच्या थेंबांनी भरलेले असतात. दुसरी महाग असते, पण खाडीकाठी तीच घ्या. प्लास्टिकचा लेप असलेली हिरवी जाळी दिसते छान, मात्र लेपाला चीर गेली की आतून गंज धरतो आणि वरून कळत नाही. जमिनीलगतचा फूटभर पट्टा नेहमी आधी जातो, कारण तिथे ओली माती आणि कोंबड्यांची विष्ठा दोन्ही लागतात. तेवढा पट्टा वेगळा बदलता येईल असा बसवला, तर अख्खा पिंजरा उतरवावा लागत नाही. पिंजरा चिऱ्याच्या एका थरावर उभा केला तर तो पट्टा कोरडाही राहतो.

तारेत थोडा करंट सोडला तर?

कधीही नाही. घरातली २३० व्होल्टची वीज तारेत सोडणं म्हणजे माणूस मारायची तयारी करणं, आणि तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात अशा तारांनी शेतकरी, त्यांची मुलं, शेजारी, गुरं मेली आहेत. धातूचा पिंजरा पावसात भिजलेला असताना त्यातली एक तार जिवंत झाली की सगळा पिंजराच जिवंत होतो. शेतीच्या कुंपणासाठी मिळणारं यंत्र क्षणभराचे, थांबत थांबत झटके देतं. ती वेगळी गोष्ट आहे, पण दाट वस्तीतल्या अंगणात मी तेही लावणार नाही.

याच कारणासाठी, पिल्लांच्या उबेसाठी बल्ब लावत असाल तर वायर जाळीतून ओवून नेऊ नका. जाळी वायरचं आवरण कापते. वायर पाइपमधून न्या, पिंजऱ्याला अर्थिंग करून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे.

उंदीर मारायला विष ठेवू का?

कोंबड्यांच्या आसपास नको. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो गुंगीत हिंडतो आणि कोंबडी, मांजर किंवा गव्हाणी घुबड त्याला खातं. विष पुढे सरकतं. उंदीर कमी करायचे तर त्यांचं जेवण बंद करा. संध्याकाळी उरलेला दाणा उचला, खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, सांडलेलं झाडून घ्या. दाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप आणि मुंगूस. पिंजऱ्यावर कितीही खर्च केला तरी रात्री खाद्याचं भांडं उघडं राहत असेल, तर आपणच त्यांना बोलावतो आहोत.

पिंजऱ्यात साप दिसला तर?

मागे सरका, मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्या, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते सर्पमित्राशी जोडून देतात. धामण बिनविषारी आहे, पण आपल्या भागात नाग आणि घोणसही आहेत, आणि संध्याकाळच्या उजेडात ओळखायची जोखीम घेऊ नये. अंड्यांसाठी घरट्यात हात घालण्याआधी बॅटरी मारायची सवय लावा. फिनेल, नॅप्थलिनच्या गोळ्या, कार्बोलिक अॅसिड यांनी साप थांबत नाही. अर्धा इंची जाळीतून सापाचं लहान पिल्लू जाऊ शकतं, पण कोंबडी किंवा अंडं गिळणारा साप जात नाही. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी मात्र लावू नका. साप तिच्यात अडकून कापला जातो, आणि अडकलेला नाग पिंजऱ्याच्या दारात असणं सर्वांत वाईट.

येऊरला राहतो. बिबट्यासाठी काय करावं?

घरगुती जाळीचा पिंजरा बिबट्याला थांबवत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी रात्री कोंबड्या वीट-सिमेंटच्या, लोखंडी दाराच्या खोलीत ठेवाव्यात. पिंजरा फक्त दिवसासाठी. या भागातल्या बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे आणि कुत्री कचऱ्यावर जगतात, म्हणून कोंबडीची आतडी-पिसं घराजवळ फेकू नका, खोल पुरा. अंधारात खुराड्यातून गडबड ऐकू आली तर एकट्याने धावत जाऊ नका. घरातूनच दिवा लावा, मोठ्याने बोला. कोंबडी गेली तर जाऊ द्या.

तिवरांमधून कोल्हे येतात का?

येतात. खाडीच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात आणि भरतीच्या वेळी किंवा रात्री वस्तीच्या कडेला दिसतात. पिंजऱ्याला जाळीची झालर असेल तर ते बहुधा निघून जातात. आजारी, झोकांड्या खाणाऱ्या किंवा दिवसाढवळ्या अंगावर येणाऱ्या कोल्ह्याच्या जवळ जाऊ नका. कोल्हा, कुत्रा, मांजर किंवा मुंगूस, कोणाचाही चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात जा.

मुंगूस पकडून लांब सोडून दिलं तर चालेल?

नाही. मुंगूस, घोरपड, उदमांजर, कोल्हा, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, मारणं, सापळा लावणं गुन्हा आहे. आणि फट तशीच असेल तर त्याच फटीतून दुसरं मुंगूस येईल. आमच्याकडचं ते मुंगूस अजूनही कुंपणावरून जातं. उंबऱ्याला काँक्रीट टाकल्यापासून त्याने एकही कोंबडी मारलेली नाही.

पिंजरा एवढा पक्का केल्यावर रात्री खुराड्यात कोंडायची गरज आहे का?

आहे. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. दांड्यावर बसली की ती दगडासारखी बसते, पळत नाही. तिन्हीसांजेला त्या आपणहून वर चढतात. तेव्हाच मोजून दार लावा. मोजणं महत्त्वाचं, कारण एखादी खुडूक कोंबडी बाहेर झुडपात अंड्यांवर बसलेली असते. दांडा जाळीपासून फूटभर तरी आत असावा.

सगळं बंद केलं तर एप्रिल-मेमध्ये कोंबड्या उकाड्याने मरतील ना?

पत्र्याचा बंद डबा केला तर नक्की मरतील. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून फट बुजवायची ती पत्र्याने नाही, जाळीने. खुराड्याला समोरासमोर वरच्या बाजूला जाळीचे झरोके ठेवा, पत्र्यावर पेंढा किंवा नारळाच्या झावळ्या टाका, पाण्याची भांडी दोन ठेवा.

छतावर पत्रा हवा की नुसती जाळी? बर्ड फ्लूचं ऐकतो.

निम्म्यावर तरी पत्रा हवा, आणि खाद्य-पाणी त्याच्याखालीच. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून हा आजार पसरू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ठाणे खाडी तर पाणपक्ष्यांचं घर आहे. त्या पक्ष्यांचा यात दोष नाही, आपण ताट झाकायचं. अचानक एकामागून एक कोंबड्या मरायला लागल्या तर त्या कापू नका, फेकू नका. पशुसंवर्धन विभागाच्या जवळच्या दवाखान्यात कळवा.

सोसायटीच्या आवारात पिंजरा ठेवता येईल?

आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि महापालिकेत चौकशी करा. कोंबडा शेजाऱ्यांना पहाटे उठवतो. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

तपासणी कधी करायची?

वर्षातून दोनदा नीट: मृग लागायच्या आधी, मेअखेरीस, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. मेअखेरीस खुंटे आणि पत्र्याचे स्क्रू, कारण वारा आधी तेच उपटतो. ऑक्टोबरात खालचा पट्टा. स्क्रूड्रायव्हरचं टोक तारेवर दाबून बघा, ती मोडली तर तेवढा भाग त्याच दिवशी बदला. आणि जुलैत, मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून उंबऱ्याखाली हात घालून बघा.